पाक थांबत नाही

स्टीलच्या ताटलीवर पाकाची गोळी पडते आणि आवाज होतो, टण्. तेवढ्या एका आवाजासाठी स्वयंपाकघरातली पाच माणसं कान टवकारून बसलेली असतात. शेगडीवर जाड बुडाची कढई, खाली जमिनीवर मोठी परात, परातीत भाजून कुरकुरीत केलेले मुरमुरे आणि परातीभोवती दोन बायका, एक आजी, दोन पोरं. प्रत्येकाच्या हाताशी पाण्याची वाटी. आवाज झाला की गॅस बंद होतो, सांडशीत धरलेली कढई परातीवर कलते, उलथनं भराभर फिरतं आणि लगेच दहा हात त्या ढिगात शिरतात. त्यानंतर मिनिटभर कुणी कुणाशी बोलत नाही. मधूनच "स्स" असा चटका बसल्याचा आवाज येतो, एवढंच.

हे स्वयंपाकघर हैदराबादेतल्या काचीगुड्याचं. जानेवारीचा दुसरा आठवडा आहे, संक्रांत चार दिवसांवर आली आहे. परातीभोवतीच्या पाच जणांपैकी घरची तिघं. उरलेली दोघं पलीकडच्या बिऱ्हाडातली, तेलुगू. ती बाई या घरच्या सुनेला 'वदिना' म्हणते, म्हणजे वहिनी. सून तिला 'अक्का' म्हणते. सुनेची मुलगी तिला 'पिन्नी' म्हणते, म्हणजे मावशी, आणि तिचा मुलगा या घरातल्या आजीला सरळ 'आजी' म्हणतो. सुलतान बाजार, इसामिया बाजार, बडी चावडी या जुन्या वस्त्यांमध्ये शेजारपाजारची नाती अशीच दोन भाषांतून विणलेली आहेत, आणि त्या विणीतले काही टाके परातीभोवती पडलेले आहेत.

हैदराबादचे मराठी लोक पाहुणे म्हणून आलेले नाहीत. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे होते, आणि हैदराबाद ही त्यांची राजधानी होती. कोर्टकचेरीला, नोकरीला, शिक्षणाला माणसं तिथेच जायची. १९०७ साली केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीनं विवेक वर्धिनी ही शाळा उभी केली, तेव्हा तिच्या वर्गात बसायला मुलं शहरातच होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. सरहद्द सरकली, पण ही घरं जागची हलली नाहीत. त्यांनी ग्रंथालयं चालवली, मराठी साहित्य परिषदेनं 'पंचधारा' हे नियतकालिक चालवलं, गणपती बसवले. आणि दर जानेवारीला तिळाच्या लाडवांबरोबर मुरमुऱ्यांचेही लाडू वळले.

मुरमुरे हाच शब्द इथे का, याला कारण आहे. पुण्या-कोल्हापूरकडचा माणूस 'चुरमुरे' म्हणेल, मुंबई-कोकणातला 'कुरमुरे'. मराठवाडा आणि विदर्भ 'मुरमुरे' म्हणतात, आणि हैदराबादची दखनीही 'मुरमुरे'च म्हणते. त्यामुळे बेगम बाजारात हा जिन्नस मागताना या लोकांना जीभ बदलावी लागली नाही. दखनीनं मराठीकडून 'नको' घेतलं आणि त्याचं 'नक्को' केलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाजाराच्या बोलीत असे कितीतरी शब्द कोण कुणाचं ते न विचारता फिरत असतात. तेलुगूत मुरमुऱ्यांना किनारपट्टीकडे 'मरमरालु' म्हणतात, रायलसीमेत 'बोरुगुलु' आणि तेलंगणात बऱ्याच घरांत 'पेलालु'. 'मरमरालु' आणि 'मुरमुरे' हे दोन्ही शब्द दाताखाली होणाऱ्या आवाजावरूनच घडल्यासारखे वाटतात. 'पेलालु'ची गोष्ट वेगळी. तेलुगूत 'पेलु' म्हणजे स्फोट होणं, फुटणं. तेव्हा पेलालु म्हणजे फुटलेले दाणे. मराठीतली लाही हीच. संस्कृतातल्या 'लाजा'पासून ती आली, लग्नातल्या लाजाहोमात ती अजून अग्नीत पडते, आणि उन्हाळ्यात अंगाची लाही लाही होते तेव्हा ती प्रत्येकाच्या तोंडी असते.

खरं तर लाही आणि मुरमुरा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि फरक नीट कळला की लाडवाचं निम्मं गुपित कळतं. लाही टरफलासकट धान्याची होते. दाणा तापतो, आतल्या ओलाव्याची वाफ होते, टरफल तिला कोंडून धरतं आणि एका क्षणी सगळंच उकलतं. मुरमुऱ्याला टरफल नसतं. त्यासाठी आधी भात भिजवून उकडावा लागतो, वाळवावा लागतो, सडावा लागतो. उकडल्यामुळे दाण्यातलं पीठ चिकट होऊन घट्ट बसतं. मग तो तांदूळ मिठाच्या पाण्यात घोळवून, थोडा शेकून, दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापलेल्या वाळूत टाकतात. काही सेकंदांत वाफ आतून ढकलते, पण दाणा फुटत नाही, फुगतो, आठ-दहा पट. भट्टीवरचा माणूस लगेच चाळणीनं वाळू झाडून मुरमुरे बाजूला करतो. एक-दोन सेकंद उशीर झाला तर ते करपतात. लाही फुटते आणि मुरमुरा फुलतो. म्हणूनच मुरमुऱ्याचा आकार एकसारखा येतो, आणि पाकात घातल्यावर तो लाहीसारखा चुरगळत नाही.

त्याच्या हलकेपणाचा अंदाज दुकानात पोतं उचलल्याशिवाय येत नाही. ज्या पोत्यात पन्नास किलो तांदूळ राहतो त्यात मुरमुरे सहा-सात किलोंवर मावत नाहीत. बेगम बाजारच्या गल्ल्यांतून हमालाच्या डोक्यावर एकावर एक अशी तीन-तीन पोती डुलत जाताना दिसतात, आणि नव्या माणसाला वाटतं की हा आता कोसळणार. तो कोसळत नाही. हा बाजार दुसऱ्या आसफजाहाच्या काळातला. निजाम अली खानाची बेगम हमदा हिनं व्यापाऱ्यांना ही जागा दिली म्हणून हे नाव, असं सांगतात. आज तिथे तांब्या-पितळेची भांडी, सुका मेवा, मसाले, गूळ, पूजेचं सामान सगळं घाऊक भावानं मिळतं, आणि संक्रांतीच्या आधी चालायला जागा राहत नाही.

गूळ निवडताना मात्र कुणी घाई करू नये. पिवळाधमक, सोन्यासारखा चमकणारा गूळ पाहून हात पुढे जातो, पण तो रंग पुष्कळदा रस उकळताना घातलेल्या हायड्रोस या रसायनाचा असतो. काही आठवड्यांत असा गूळ आपोआप काळवंडतो. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत काहिलीतली मळी काढायला रानभेंडीच्या खोडाचं बुळबुळीत पाणी घालत, आणि गुळव्या नुसत्या फेसाकडे पाहून काहील कधी उतरवायची ते सांगे. त्या गुळाला तांबूस-तपकिरी रंग असायचा. हैदराबादेत गूळ तेलंगणातूनही येतो, आंध्रातल्या अनकापल्लीहून येतो, आणि मराठी घरं कोल्हापुरी ढेप दिसली की तिच्यापाशी थांबतात. चिक्कीचा गूळ वेगळा मागावा लागतो. तो चिवट असतो, त्याचा पाक लवकर येतो आणि कडक राहतो. आजी एक खडा तोंडात टाकून बघते. खारट लागला तर नाही घ्यायचा, एवढीच तिची परीक्षा, आणि ती बरोबर आहे. खारट गुळाचा पाक चिकट राहतो.

तेलुगू शेजारीण गुळाकडे आणखी वेगळ्या नजरेनं पाहते. मुलुगु जिल्ह्यातल्या मेडारमला दर दोन वर्षांनी सम्मक्का-सारलम्मा या आदिवासी देवींची जत्रा भरते, आणि तिथे भाविक गूळ वाहतात. त्या गुळाला गूळ म्हणायचं नसतं, 'बंगारम' म्हणायचं, म्हणजे सोनं. नवस फेडायचा असेल तर माणसाला तागडीच्या एका पारड्यात बसवून दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा ठेवतात, आणि जेवढं वजन भरेल तेवढं 'सोनं' देवीला जातं. जत्रेच्या आधी हैदराबादेतही अशा तुला होतात. हे एकदा पाहिलेल्या माणसाच्या हातून परातीबाहेर पडलेला गुळाचा खडा पायाखाली जात नाही. अक्का तो उचलते, डोळ्यांना लावते आणि कढईत टाकते.

कृती लिहायला बसलं तर चार ओळींत संपते. एक वाटी चिरलेला गूळ, पाच-सहा वाट्या मुरमुरे, दोन चमचे पाणी, चमचाभर तूप, वेलदोड्याची पूड. कुणी फुटाण्याची डाळ घालतं, कुणी भाजलेले शेंगदाणे, कुणी खोबऱ्याचे काप. फुटाण्याच्या डाळीला तेलुगूत 'पुट्नालु' म्हणतात, आणि हा शब्द ऐकताना मराठी कानाला आपलाच कुणी भेटल्यासारखं वाटतं. मुरमुरे आधी कोरडे भाजून घ्यायचे. दोन बोटांत दाबला की चुटकन मोडला पाहिजे. दाबल्यावर वाकला तर अजून ओल आहे. गुळात काडीकचरा असतो म्हणून तो थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा आणि पुन्हा आचेवर ठेवायचा. इथपर्यंत सगळं एकट्यानं होतं आणि सावकाश होतं. इथून पुढे पाक सुरू होतो.

पाक म्हणजे पाणी उडून जाणं. गुळात पाणी असतं तोवर तो उकळतो, पण जसजसं पाणी कमी होतं तसतसं उकळण्याचं तापमान चढत जातं. एकशे बारा-पंधरा अंशांशी गोळी पाण्यात धरते पण बोटांत चेपते. एकशे वीस-तीसच्या आसपास ती टणक होते. दीडशेच्या जवळ गेलं की काचेसारखी तडकते, ती चिक्कीची जागा. मुरमुऱ्याच्या लाडवाला मधली अवस्था लागते, चिक्कीच्या अलीकडची आणि तिळाच्या मऊ वडीच्या पलीकडची. लवकर उतरवला तर लाडू दुसऱ्या दिवशी बसकण मारतात, उशीर झाला तर दात लागत नाहीत. या दोन चुकांमध्ये वेळ असतो तो मोठ्या आचेवर अर्ध्या-एक मिनिटाचा.

स्वयंपाकघरात थर्मामीटर नव्हता आणि त्याची गरजही कुणाला भासली नाही, कारण भाषेनं ते काम केलं होतं. मराठीत एकतारी, दोनतारी, गोळीबंद. तेलुगूत 'तीग पाकम', 'उंड पाकम'. तीग म्हणजे वेल किंवा तार, उंड म्हणजे गोळा. बोटांमध्ये ओढलेल्या पाकाची तार जिथे तेलुगू बाईला दिसते तिथेच मराठी बाईलाही दिसते. तेलुगूत आणखी दोन शब्द आहेत, 'लेत' आणि 'मुदुरु'. लेत म्हणजे कोवळा, मुदुरु म्हणजे जून. भेंडी कोवळी असते, नारळ कोवळा असतो, तसाच पाकही कोवळा असतो आणि बघता बघता जून होतो. मराठीतल्या 'कच्चा पाक' आणि 'पक्का पाक' यांपेक्षा हे शब्द अधिक नेमके आहेत, हे कुणीही पाक करणारी बाई मान्य करील. कच्च्याचा पक्का होतो म्हटलं की काम पुरं झाल्यासारखं वाटतं. कोवळ्याचा जून होतो म्हटलं की हातातून काहीतरी निसटत असल्याची जाणीव होते, आणि कढईपाशी उभं राहताना तीच जाणीव हवी असते.

आजी पाण्याच्या वाटीत थेंब टाकते. तो तळाशी पसरतो.

"झाला का?" सून विचारते.

"इंका कालेदु," अक्काच उत्तर देते. अजून नाही.

पुन्हा थेंब. या वेळी तो गोळा होतो, बोटांत मऊ लागतो. तिसऱ्या वेळी गोळी वाटीतून काढून ताटलीवर टाकली जाते, टण्, आणि अक्का म्हणते, "अयिंदि." झालं. मग तुपाचा चमचा पडतो, वेलदोडा पडतो आणि कढई कलते.

आता खरी गोष्ट. परातीतले मुरमुरे पाकाची ऊब पटकन खातात, कारण ते हलके आहेत आणि त्यांच्यात हवाच हवा आहे. पाकाचा थर दाण्यांवर अगदी पातळ पसरलेला असतो, आणि पातळ थर लगेच निवतो. निवला की तो काच होतो, मग दाणा दाण्याला चिकटत नाही, कितीही दाबलं तरी. सहा वाट्या मुरमुऱ्यांचे वीसेक लाडू होतात. एका माणसाला एक लाडू वळायला दहा-बारा सेकंद लागतात असं धरलं तर वीस लाडवांना साडेतीन-चार मिनिटं. पाक तेवढा वेळ देत नाही. दोन-अडीच मिनिटांतच कडेचे मुरमुरे सुटे पडायला लागतात. म्हणजे हिशेब सरळ आहे: एका बाईचे पहिले दहा लाडू होतील आणि उरलेल्याचा भुगा होईल. पाच जण बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार लाडू येतात, आणि परात एका मिनिटाच्या आत रिकामी होते.

लाडू पुष्कळ आहेत. बेसनाचा लाडू एकटी बाई दुपारभर निवांत वळू शकते, रव्याचा तर मुरवतच ठेवायचा असतो. तिळाच्या लाडवालाही घाई असते, पण तीळ जड, त्यांच्यात ऊब टिकते, थोडी उसंत मिळते. मुरमुऱ्याचा लाडू मात्र माणसं मागतो. आणि घरात माणसं पुरेशी नसतील तर दार उघडून शेजारी हाक मारावी लागते. काचीगुड्यातल्या त्या दोन बिऱ्हाडांची ओळख अशीच झाली, एका हाकेतून. तेलुगू घरीही हेच. तिथे संक्रांतीला सकिनालु होतात, तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून बोटांनी वळत वळत पांढऱ्या कापडावर घातलेली वेटोळी. तेही एकटीचं काम नाही. त्या दिवशी अक्काच्या घरून हाक येते, आणि मराठी सून कापडाच्या एका कोपऱ्याला जाऊन बसते. तिची वेटोळी अजून वाकडी येतात आणि अक्का काही न बोलता ती मोडून पुन्हा घालते.

अरिसेलुच्या दिवशी मात्र सून तिथे आनंदानं जाते, कारण तांदळाचं पीठ गुळाच्या पाकात घालून केलेला तो पदार्थ तिला अनारशाचा सख्खा भाऊ वाटतो.

या सगळ्याला जानेवारीच का, हेही पाहण्यासारखं आहे. नवा भात आलेला असतो, नवा ऊस गाळपाला लागलेला असतो, हे तर झालंच. पण हवेचाही हात आहे. हैदराबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. जानेवारीत पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो आणि हवा कोरडी असते. गूळ हवेतलं पाणी ओढतो, मुरमुराही ओढतो. पावसाळ्यात दोघं मिळून इतकं ओढतात की सकाळी केलेला लाडू रात्री सादळतो. जानेवारीत तोच लाडू डब्यात महिनाभर कुरकुरीत राहतो.

मग पावसाळ्यात काय? आषाढी एकादशीला तेलंगणात 'तोली एकादशी' म्हणतात, वर्षातली पहिली एकादशी. त्या दिवशी घरोघर 'पेलाल पिंडी' होते: ज्वारीच्या किंवा मक्याच्या लाह्या दळायच्या आणि त्या पिठात गूळ कालवायचा. पाक नाही, वळणं नाही, कुरकुरीतपणाची अपेक्षाच नाही, त्यामुळे ओल्या हवेला बिघडवायला काही उरत नाही. त्याच दिवशी मराठी घरात उपास असतो आणि राजगिऱ्याचे लाडू येतात. राजगिरा म्हणजे तरी काय, फुललेला दाणा आणि गूळच. पंढरपुरात त्या दिवशी प्रसादाच्या पुड्यांत लाह्या, चुरमुरे, बत्तासे बांधले जात असतात. अक्का वाटीभर पेलाल पिंडी झाकून आणते, आजी ती उपासाला चालत नाही म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ठेवते आणि वाटी रिकामी परत जाऊ नये म्हणून तिच्यात दोन राजगिऱ्याचे लाडू घालते. एका तिथीला, एका जिन्यावर, फुललेल्या दाण्याचे आणि गुळाचे दोन पदार्थ जागा बदलतात.

लहान मुलं असली तर जानेवारीत आणखी एक गंमत असते. भोगीच्या संध्याकाळी तेलुगू घरांत लेकरांच्या डोक्यावरून 'भोगी पल्लु' ओततात: बोरं, उसाचे करवे, भिजवलेले हरभरे, फुलांच्या पाकळ्या, नाणी. मराठी घरांत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरनहाण असतं. बाळाला काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, ऊस, हरभरे, बत्तासे आणि मुरमुरे. अक्काचा धाकटा आणि सुनेची धाकटी दोघांवरही दोन्ही वेळा वर्षाव झाला. बोरं आणि नाणी टकाटक डोक्याला लागतात, मूल भेदरतं, ओठ काढतं. मुरमुरे मात्र सावकाश, भुरभुरत येतात आणि केसांत अडकून बसतात. बोरनहाणाचे बहुतेक फोटो पाहा, मूल हसतंय तो क्षण मुरमुऱ्यांचा असतो.

दाण्यातल्या ओलाव्याची वाफ करून त्याला फुगवण्याची युक्ती एकट्या दख्खनची नाही. अमेरिकेत अलेक्झांडर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञानं बंद नळीत तांदूळ तापवून एकदम दाब सोडला आणि तो फुलवला. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे तोफांतून तांदूळ उडवून दाखवला गेला. भडभुंज्याच्या वाळूच्या कढईत जे शतकानुशतकं होत होतं तेच हे, फक्त आवाज मोठा. जपानात टोकियोच्या असाकुसा भागात फुगवलेला तांदूळ पाकात घट्ट केलेली 'कामिनारी ओकोशी' देवळाच्या वाटेवर विकतात, आणि ती पहिल्यांदा खाणारा मराठी माणूस हमखास डोळे मिटून घरी पोचतो. पण या गोष्टीशी खरा संबंध आहे तो १९३९ साली केलॉग कंपनीच्या स्वयंपाकघरात मिल्ड्रेड डे हिनं जुळवलेल्या कृतीचा. तिनं फुललेला तांदूळ वितळलेल्या मार्शमॅलोत घातला, ट्रेमध्ये थापला आणि चौकोन कापले. मार्शमॅलो निवला तरी मऊ राहतो. तो थांबतो. ती कृती एका माणसाला एकट्यानं, सावकाश करता येते.

गुळाचा पाक थांबत नाही, हे आज हैदराबादच्या दुसऱ्या टोकाला कळतं. १९९८ साली सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं आणि त्यानंतर माधापूर, कोंडापूर, गच्चीबावली इकडे पुण्या-नागपूरहून हजारो मराठी मुलंमुली नोकरीला आली. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये संक्रांतीच्या आदल्या रात्री एखादी मुलगी लाडू करायला घेते. गूळ चांगला आहे, मुरमुरे ताजे आहेत, ताटलीवर टण् आवाजही होतो. सहा लाडू वळून होतात आणि सातव्याला मुरमुरे सुटे पडतात. ती आईला फोन लावते. आई सांगते, "अगं, कढई परत मंद आचेवर ठेव, पाक सैल होईल." सैल होतो, पण रंग गडद होतो आणि चवीला किंचित कडसरपणा येतो. तिसऱ्यांदा तापवायची सोय नसते. मग ती उरलेलं मिश्रण तूप लावलेल्या ताटात घाईनं थापते आणि सुरीनं वड्या पाडते.

वडी चवीला लाडवाइतकीच चांगली लागते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गूळ तोच, मुरमुरा तोच. वाण्याकडे पाकिटातले एकसारखे गोल लाडूही मिळतात आणि तेही वाईट नसतात. तरी वडी पाडताना त्या मुलीला जी हुरहुर लागते तिचा चवीशी संबंध नसतो. पलीकडच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते तिला ठाऊक नाही. दारावर नावाची पाटी नाही, फक्त क्रमांक आहे. हाक मारायची तर कोणत्या नावानं, इथूनच सुरुवात आहे. अशा एखाद्या इमारतीत ही अडचण मुलंच सोडवतात: पतंगाच्या मांजाचा गुंता सोडवायला दोन घरची पोरं जिन्यात बसतात, आणि पुढच्या वर्षी परातीभोवती त्यांच्या आया.

काचीगुड्यात लाडू आता पितळी डब्यात भरले जात आहेत. आजीचे लहान आणि घट्ट आहेत, लिंबाएवढे. तिची मूठ तेवढीच राहिली आहे. अक्काचे मोठे, थोडे सैल, तोंडात टाकताच सुटणारे. सुनेचे गोल आहेत, पण प्रत्येकावर अंगठ्याचा एक खळगा आहे, तो तिला कधी बुजवता आला नाही. पोरांचे वाकडेतिकडे, एक तर चक्क चौकोनी. कढईच्या बुडाशी राहिलेल्या पाकात आजी गरम पाणी ओतते आणि ते गुळाचं पाणी दोन्ही पोरं पेल्यांतून पितात. अक्का परात धुवायला घेते, सून म्हणते "असू दे अक्का, मी करते," अक्का "नक्को नक्को" म्हणत नळ सोडते.

संक्रांतीच्या सकाळी डबा गच्चीवर जातो. धुळपेठेतून आणलेले पतंग भिंतीला टेकवून ठेवलेले आहेत, आणि जुन्या शहराच्या दिशेनं आभाळ आधीच भरलेलं आहे. पोरं झाकण उघडून न बघता हात घालत नाहीत, निवडून घेतात. चौकोनी लाडू ज्यानं केला तोच शोधतो. दुपारपर्यंत पिन्नीचे सगळे संपलेले असतात.